समतेचं स्वप्न? विन्थ्रॉपच्या प्रवचनाची सुरुवात तर वाचा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने १६३० सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रवचनात ‘समतेच्या समाजाचं स्वप्न मांडलं’, हे एका लेखात वाचलेलं वाक्य काही पटलं नाही. काही श्रीमंत, काही गरीब ही देवानेच लावलेली व्यवस्था आहे, अशीच प्रवचनाची सुरुवात आहे. ती मोडा असं तो कुठेच म्हणत नाही. श्रीमंताने हात सैल सोडावा, अडलेल्याचं कर्ज प्रसंगी माफ करावं, एवढीच त्याची अपेक्षा. तीही लहान नव्हती म्हणा, पण तिला समता कसं म्हणायचं?

शिवाय ही माया आपल्यातल्यांपुरतीच. १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये नियम झाला, की परवानगीशिवाय परक्याला तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवून घ्यायचं नाही. पुढच्याच वर्षी धर्मगुरूंवर उघड टीका करणाऱ्या अ‍ॅन हचिन्सनला वसाहतीबाहेर काढलं. आपल्यातलाही सुटत नसे. रॉबर्ट केन या व्यापाऱ्याला १६३९ मध्ये जादा नफा घेतला म्हणून दंड झाला, चर्चमध्ये सगळ्यांदेखत कानउघाडणी झाली. खिळे न्‌ बटणांच्या भावावरून! त्याने पुढे लांबलचक मृत्युपत्रात त्या भावांचा हिशेब मांडत स्वतःची बाजू लढवली आणि त्याच मृत्युपत्रात बॉस्टनला टाउन हाउससाठी, म्हणजे शहराच्या सार्वजनिक सभागृहासाठी, पैसेही ठेवले. बॉस्टनला राहत असताना मी ओल्ड स्टेट हाउसवरून नेहमी जायचो. ते टाउन हाउस जळाल्यावर त्याच जागी ही इमारत उभी राहिली. लेखात केनचा उल्लेखही नाही, याचं नवल वाटलं.