गाडी मागच्या सीटवर बसून निवडा

परीक्षा संपत आल्या की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलायला दोनच विषय असतात. यंदा जायचं कुठे, आणि गाडी बदलायची का. परवा शेजारच्या विंगमधल्या मैत्रिणीने विचारलं, "सात सीटर घेऊन टाकू का ग? मेमध्ये सगळ्यांना एकदम नेता येईल." तिला जिन्यात उभ्याउभ्या जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, पण लाखो रुपयांचा आणि घरातल्या वयस्कर माणसांच्या हाडांचा प्रश्न आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी पसंत करतो तो चालवणारा, स्टिअरिंगमागे बसून. आणि सुट्टीतला प्रवास सोसतात ते मागे बसलेले. त्यांना शोरूममध्ये कोणी नेतच नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये आम्ही दापोलीला गेलो होतो. आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हाची आमची गाडी सेडान, म्हणजे बुटकी आणि मागे वेगळी डिकी असलेली. डिकी भरपूर, रस्त्याला चिकटून चालणारी, माझ्या नवऱ्याची अतिशय लाडकी. नाशिक ते दापोली साधारण साडेतीनशे किलोमीटर. डबे, पाणी, मुलांची आवराआवर करता करता पाथर्डी फाटा सोडायलाच साडेनऊ वाजले.

पडघ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. आईंनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच थांबल्या. सीट इतकी खाली की गुडघे कमरेच्या वर आलेले. एका हाताने दारावरची कडी धरलेली, दुसरा पुढच्या सीटच्या पाठीवर, साडीचा काठ उंबऱ्याशी अडकलेला. उठायला जोर लावला की डोकं छताला लागायचं. मान खाली घातली की पाय कुठे टेकतोय ते दिसायचं नाही. शेवटी मी दोन्ही हातांनी धरून त्यांना बाहेर घेतलं. "काही नाही ग, पाय आखडलाय जरा," म्हणाल्या.

त्यानंतर दापोलीपर्यंत त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली नाही. का, ते मला रात्री कळलं. पाणी प्यायलं की बाथरूमसाठी उतरावं लागणार, आणि उतरायचं म्हणजे हे सगळं पुन्हा करायचं. पनवेलच्या पुढे घामाच्या धारा लागलेल्या, माणगावच्या बाजारपेठेत गाड्यांची रांग हलत नव्हती, आणि एकाहत्तर वर्षांची बाई मागे तहान मारून बसली होती. आम्ही पुढे गाणी लावून चाललो होतो. आजही आठवलं की जीव कळवळतो.

परतीला दुसरंच झालं. दुपारी दोनच्या उन्हात कसारा घाट चढत होतो. पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी पूर्ण, पुढे कंटेनर, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. तापमानाचा काटा बघता बघता लाल रेघेला गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. नवऱ्याने रेडिएटरचं झाकण लगेच उघडलं नाही, हे फार बरं केलं. तापलेलं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तासाभराने मेकॅनिक आला. महिनाभरापूर्वीच सर्व्हिसिंग झालं होतं आणि तिथे इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या जागी नुसतं पाणी ओतून ठेवलेलं निघालं. कूलंट मिसळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतं आणि आतून गंजही धरू देत नाही. वर्षभर शहरात फिरताना हा फरक कळत नाही, मेच्या घाटात लगेच कळतो. तो तास आईंनी छत्री धरून कठड्याशेजारी काढला, कारण एकदा उतरल्यावर परत गाडीत बसायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून गाडी बदलायची ठरली, आणि या वेळी मी हट्टाने आईंना सोबत घेऊन शोरूमला गेले. सेल्समनने किल्ली नवऱ्याच्या हातात दिली, स्क्रीन दाखवली, सनरूफ उघडून दाखवला. मी म्हटलं, आधी मागचं दार उघडा.

नाशिकला उंच गाड्यांचं प्रेम आहे आणि ते साहजिक आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ आपल्या गावच्या कारखान्यात बनतात, ओळखीच्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी सातपूर-अंबडला याच धंद्यात आहे. पण गुडघे गेलेल्या माणसाला फार उंच गाडी फार खालच्या गाडीइतकीच अवघड. तिथे उतरायचा त्रास, इथे चढायचा. बरोबर सीट ती, जिच्यावर पाठ करून उभं राहिलं की नुसतं टेकता येतं. आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. आईंनी त्या दिवशी पाच गाड्यांत असं बसून पाहिलं. तीन गाड्यांत त्या बसल्या आणि लगेच उतरल्या. चौथीत बसून म्हणाल्या, "बसायला बरी आहे, पण पाय असे वर का येतात?" ती इलेक्ट्रिक होती. बॅटरी तळाखाली असल्यामुळे अशा बऱ्याच गाड्यांत मागे पाय ठेवायची जागा उंच होते, मांडी सीटला टेकत नाही आणि दोन तासांत कंबर धरते. शहरात फिरायला उत्तम गाडी, पण आईंना लांबच्या प्रवासाला नको. पाचवी उंच छताची साधी हॅचबॅक होती, म्हणजे मागे वेगळी डिकी बाहेर न आलेली छोटी गाडी. तिच्यात त्या वीस मिनिटं बसून राहिल्या, खिडकीतून बाहेर बघत. तीच घेतली. नवऱ्याला आठवडाभर वाईट वाटलं, पण आता तोच सगळ्यांना ती गाडी दाखवतो.

मागे बसून आणखी काय पाहायचं ते सांगते. एसीची झोत मागे येते का. मेमध्ये पुढच्यांना थंडी वाजते आणि मागचे भाजत असतात. मधल्या माणसाला खांद्यावरून येणारा पट्टा, म्हणजे सीटबेल्ट, आहे का, की नुसता पोटावरचा. खिडकीची कड लहान मुलाच्या डोळ्यांच्या खाली आहे का. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत मागची काच इतकी लहान असते की मुलाला बाहेरचं काही दिसत नाही, आणि बाहेरचं दिसलं नाही की घाटात उलटी ठरलेली. आमच्या धाकटीला सेडानमध्ये प्रत्येक वळणाला मळमळायचं, आता समोरचा रस्ता दिसतो तर गाणी म्हणत बसते. सनरूफसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन डोक्यावर घेऊन कोण बसणार आहे? त्यातून मान बाहेर काढून उभी राहिलेली मुलं हायवेवर दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. काचांना काळी फिल्म लावायचा मोह होतो, पण पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे असा नियम आहे, तो पाळा.

आता सात सीटर. मैत्रिणीला मी सरळ नको म्हटलं. तिसऱ्या रांगेत एकदा स्वतः बसून बघा. तिथे जायला दुसऱ्या रांगेची सीट दुमडून, वाकून घुसावं लागतं, म्हणजे आजी-आजोबा बाद. मग उरतात मुलं. ती रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्याच्याही मागे येते, वळणावर सगळ्यात जास्त हेलकावे तिथेच बसतात, म्हणजे मुलांना उलट्या. आणि तिन्ही रांगा उघडल्या की डिकीत जेमतेम दोन पिशव्या राहतात. सात माणसं आणि सात माणसांचं सामान असं दोन्ही एकाच वेळी मावत नाही. वर्षातल्या सहा दिवसांसाठी उरलेले साडेतीनशे दिवस ती लांबलचक गाडी कॉलेज रोडला पार्क करायची कशाला? त्या सहा दिवसांसाठी ड्रायव्हरसकट मोठी गाडी भाड्याने घ्या. फक्त पिवळ्या नंबरप्लेटची घ्या. ओळखीतून स्वस्तात मिळालेली पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याने नेली आणि दुर्दैवाने काही झालं, तर विम्याचा दावा अडकतो.

सीएनजीबद्दल बरेच जण विचारतात. रोजच्या कामाला चांगली. पण टाकी डिकीत येते, म्हणून घेण्याआधी तुमच्या दोन मोठ्या बॅगा घरून नेऊन आत ठेवून बघा. भरल्या गाडीने घाट चढताना पेट्रोलवर करा. कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या तळाची रस्त्यापासूनची उंची, हा रिकाम्या गाडीचा असतो. पाच माणसं बसली, सामान भरलं की गाडी खाली बसते आणि गावातल्या स्पीडब्रेकरला घासते, हेही लक्षात ठेवा.

गाडी योग्य मिळाली तरी निघायची वेळ चुकली तर सगळं पाण्यात. आम्ही आता किलोमीटर मोजत नाही, ऊन मोजतो. पहाटे पाचला निघायचं आणि अकरापर्यंत मुक्कामी पोचायचं. तेवढ्या वेळात जे गाठता येत नाही ते मेमध्ये आमच्यासाठी लांब आहे, मग मध्ये एक मुक्काम वाढवायचा. आदल्या रात्री दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली की नाश्त्याच्या हॉटेलसाठी तास जात नाही. दर दीड तासाला गाडी थांबते, कोणी मागितलं नाही तरी थांबते. आईंना "थांबा" म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, हा नियम माझ्या मोठ्या मुलाने केला आहे आणि घड्याळ तोच बघतो.

लोक म्हणतात, आता मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग झाला, कसाऱ्याची कटकटच संपली. खरं आहे. ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. इगतपुरीजवळच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून सह्याद्री पार होतो. पण घाट इंजिनाची परीक्षा घेतो तशी हा रस्ता टायरची घेतो. तापलेलं काँक्रीट, भरलेली गाडी आणि ताशी १२० ची मर्यादा. निघण्याआधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी नवी दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं, बारीक तडे दिसले तर बदलाच. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची, आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो तो पाहून भरायची. सरळ रस्त्यावर डोळा लागतो, म्हणून आम्ही दोघं आलटून पालटून चालवतो. बायकांनो, तुम्हाला गाडी येत असेल तर हायवेवरही चालवा, नुसती शाळा-भाजीपुरती ठेवू नका.

आणि मागचा पट्टा. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी चांगल्यातली चांगली होती. मागच्यांनी पट्टा लावायचा हा कायदा आहेच, पण कित्येक घरांत कापडी कव्हर घालताना पट्ट्यांची कुलपं सीटखाली ढकललेली असतात. आज संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन आपल्या गाडीची तिन्ही कुलपं वर काढा. आईंना पट्टा मानेला काचायचा, तर आम्ही खाली घडी घातलेली चादर ठेवून बसायची उंची वाढवली, आता खांद्यावर नीट बसतो.

यंदा जवळचाच बेत आहे. दिंडोरी, वणी, नांदुरीवरून सप्तशृंग गड. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून चढावर ओढली जाणारी गाडी आहे, त्यामुळे किती वर्षांनी आईंना पायऱ्या न चढता देवीसमोर उभं राहता येईल. उतरताना गाडी ज्या गिअरवर चढली त्याच गिअरवर उतरवायची, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. तिथून सापुतारा, दोन रात्री. नाशिकपासून सगळं मिळून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. मुलांना समुद्र हवा होता, तो दिवाळीत.

मेअखेरीस काजव्यांसाठी भंडारदऱ्याला एक रात्र जायचं मनात आहे. तिथे झाडांवर हेडलाइट मारून काजवे बघणारे लोक असतात, ते आपल्याकडून होऊ नये म्हणून गाडी मुक्कामी लावून चालतच जाणार. घोटीवरून बारीमार्गे शेंडीपर्यंतचा रस्ता सध्या कसा आहे? आणि काजव्यांच्या जागेपर्यंत वयस्कर माणसाला अंधारात किती चालावं लागतं? हल्ली कोणी घरच्या मोठ्यांना घेऊन गेलं असेल तर नक्की सांगा, त्यावर आईंचं यायचं ठरणार आहे.