बिस्बीला करायला काय आहे?

परवा ॲरिझोनात फिनिक्सजवळ चँडलरला राहणाऱ्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर लाँग वीकेंडला येतो तो प्रश्न आला. "चँडलरपासून तीन-चार तासांत जाण्यासारखं काय आहे?" दहा मिनिटांत ठरलेली उत्तरं आली. सेडोना, ग्रँड कॅन्यन, परत सेडोना. मी लिहिलं, बिस्बी. एका दादांनी लगेच विचारलं, "तिथे करायला काय आहे?"

ग्रुपवर तीन ओळींच्या वर लिहिलं की लोक म्यूट करतात, म्हणून अंगठा टाकून गप्प बसले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. महाबळेश्वरला गेल्यावर आपण पॉइंट मोजतो ना, टॅक्सीवाला दहाच दाखवून अकराव्याला टाळाटाळ करतो म्हणून भांडतो, तीच सवय घेऊन आपण ॲरिझोनात आलोय. गावाला गेल्यावर तिथे काही "करायला" लागतं हे मला अजून पटलेलं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते. ज्यांना यादी हवी आहे त्यांनी पुढे स्क्रोल करावं.

बिस्बी हे ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यातलं, मेक्सिकोच्या सीमेला जवळजवळ टेकलेलं तांब्याच्या खाणीचं गाव. 1880 मध्ये वसलं. शंभर वर्षांपूर्वी इथे वीस हजारांवर वस्ती होती, 2020 च्या जनगणनेत पाच हजारही भरली नाही. उंची साधारण 5,500 फूट, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा जास्त. आपल्याकडे फिनिक्सला जुलैत पाय भाजतात तेव्हा तिथे दहा अंश तरी कमी असतात. वाटेतलं टूमस्टोन गाव ओलांडून डोंगर चढत गेलं की एक बोगदा लागतो आणि तो संपला की डाव्या हाताला अख्खं गाव दरीत सांडल्यासारखं दिसतं. खंडाळ्याची आठवण न आलेला मराठी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

टूमस्टोनबद्दल एवढंच: 1881 मध्ये अर्ध्या मिनिटाचा एक गोळीबार झाला, त्यावर ते गाव आजतागायत जेवतंय. तिकीट लावून रोज तीच माणसं पडतात, उठतात, पुढच्या खेळाला तयार होतात. लहान मुलांना आवडतं. आईस्क्रीम खाऊन पुढे निघा.

आम्ही गेलो जानेवारीत. आई-बाबा मुंबईहून आले होते. बाबा लालबागचे, गिरणीत साचेखात्यात (म्हणजे मागांवर) होते, 1982 च्या संपापर्यंत. (लालबागच्या माणसाला फिनिक्स म्हटलं की आधी लोअर परळची गिरणी आठवते आणि मग तिथे झालेला मॉल. विमानातून उतरल्या उतरल्या बाबा म्हणाले, "एका फिनिक्समधून सुटलो आणि दुसऱ्यात आलो.") त्यांना ग्रँड कॅन्यन दाखवून झालं होतं. "मोठा आहे," एवढंच म्हणाले होते आणि कठड्याला पाठ करून शेंगदाणे खात बसले होते.

बिस्बीत पहिल्यांदा बोलली ती आई. तिथली घरं डोंगराच्या उतारावर एकावर एक रचलेली आहेत. कित्येक घरांपर्यंत गाडी जातच नाही, जातात त्या फक्त पायऱ्या. 1930 च्या दशकातल्या मंदीत सरकारने रोजगार हमीसारखी कामं काढली, त्यातल्या मजुरांनी यातल्या बऱ्याच काँक्रीटच्या पायऱ्या बांधल्या. काहींवर त्या योजनेचा शिक्का अजून आहे. आता दर ऑक्टोबरात लोक हौसेने नऊ जिने मिळून हजाराच्या वर पायऱ्या चढायची शर्यत लावतात. आई साडीवर माझे स्नीकर्स घालून पहिला जिना चढली, वर पोचल्यावर एका घराच्या गडग्यावर टेकली, खाली बघितलं आणि म्हणाली, "अगो, ही तर आपली पाखाडी." संगमेश्वरच्या आमच्या गावात वरच्या वाडीत जायला अशीच पाखाडी आहे. फक्त इथे जांभा नाही आणि कडेला हापूसच्या ऐवजी निवडुंग. पुढचे दोन तास ती वाट फुटेल तिकडे चढत होती. गुडघ्याची तक्रार त्या दिवशी चँडलरलाच राहिली होती बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाण. कॉपर क्वीन खाणीत 1976 पासून पाहुण्यांना नेतात. भूमिगत खाणकाम 1975 मध्ये थांबलं आणि वर्षभरात गावाने तीच खाण दाखवायला काढली. सुरुवातीला वाटाडे म्हणून उभे राहिले ते तिथलेच निवृत्त खाणकामगार. डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळं जाकीट, हातात दिवा आणि घोड्यावर बसावं तसं दोन्हीकडे पाय टाकून त्या चिंचोळ्या गाडीवर बसायचं. गाडी डोंगराच्या पोटात 1,500 फूट आत जाते. आत बारा महिने आठेक अंश सेल्सिअस असतं. बाबांनी हेल्मेटच्या आत माकडटोपी घातली होती आणि ती काढायला साफ नकार दिला.

पहिली दहा मिनिटं ते गप्प होते. मग वाटाड्याने दगडात भोकं पाडायचं जुनं यंत्र दाखवलं. पाणी न वापरता चालायचं ते, धूळ थेट छातीत जायची आणि माणसं तरुणपणीच खोकत मरायची. म्हणून कामगारांनीच त्या यंत्राचं नाव विधवा करणारं यंत्र असं ठेवलं होतं. मी मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "आमच्याकडे कापूस." एवढंच. मग मात्र त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि मी दुभाषी झाले. पाळ्या किती? जेवायची सुट्टी किती? आत किती माणसं उतरली नि किती वर आली हे कसं कळायचं? बिल्ल्यांवरून, वाटाडा म्हणाला, पितळी बिल्ला, त्यावर नंबर. बाबांनी मान हलवली, कारण त्यांनाही त्यांचा गिरणीतला तिकीट नंबर अजून पाठ आहे. मला माझा पहिला फोन नंबर आठवत नाही.

शेवटी वाटाड्याने रुळांवर चालणारा संडास दाखवला. दोन बैठकांची लोखंडी गाडी, शेजारी शेजारी. गटातले सगळे नाक मुरडून हसले. आमच्या चाळीत मजल्यावर बारा खोल्यांना मिळून दोन संडास होते. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "यांची सोय बरी होती. जागेवर यायची."

बाहेर आल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारली. "मशिनं इथेच कशी ठेवली यांनी?" मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांच्या खात्यातले साचे भंगारात गेले होते, किलोवर. आणि इथे ड्रिल, गाड्या, रूळ जिथे काम थांबलं तिथेच.

इथे मला माझं म्हणणं मांडायचं आहे, पोस्ट लांबली तरी. बिस्बीला करण्यासारखं काही असेल तर ते हे आहे: काम संपलेलं गाव आपलं काम कसं सांगतं ते बघणं. गिरणगावात आपण काय ठेवलं? शोभेला एखादी चिमणी. टॉवरच्या जाहिरातीत तीसुद्धा "हेरिटेज" म्हणून येते. अडीच लाख माणसं ज्या संपात उतरली त्याची खूण शोधायला तुम्हाला कुणा म्हाताऱ्याच्या घरी चहाला जावं लागतं.

बिस्बी काही सज्जनांचं गाव आहे असं नाही. उलट त्याच्या खात्यावर जे आहे ते भयंकर आहे. 1917 च्या जूनअखेर इथल्या खाणकामगारांनी संप केला. युद्ध चालू होतं, तांब्याला सोन्याचा भाव होता. 12 जुलैच्या पहाटे शेरीफने उभी केलेली सुमारे दोन हजार हत्यारबंद माणसं दंडाला पांढऱ्या पट्ट्या बांधून घराघरांत शिरली. संपकऱ्यांना आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांना हाकत वॉरन नावाच्या वस्तीतल्या बेसबॉल मैदानावर नेलं. "कामावर येतोस की जातोस?" नाही म्हणणाऱ्या जवळपास बाराशे जणांना गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं. बरेचसे मेक्सिकन आणि पूर्व युरोपातून आलेले. तार आणि टेलिफोन कंपनीच्या लोकांनी आधीच ताब्यात घेतले होते, बातमी बाहेर जाऊ नये म्हणून. आपल्याकडे याला तडीपारी म्हणतात, फक्त ती एकेकट्याची असते. खटले झाले, शिक्षा कोणालाही झाली नाही.

ही हकिगत तुम्ही वाचता कुठे? गावातल्या खाण संग्रहालयात. आणि ती इमारत म्हणजे खाण कंपनीचं जुनं मुख्य ऑफिस. ज्या कंपनीने माणसं गाडीत भरली तिच्याच छताखाली त्यांचे फोटो. कित्येक दशकं गावात हा विषय कुणी काढत नसे, कारण हाकणाऱ्यांची नातवंडं आणि हाकलेल्यांचे नातेवाईक एकाच गल्लीत राहायचे. 2017 मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा एका माहितीपटासाठी गावकऱ्यांनीच तो दिवस रस्त्यावर पुन्हा उभा केला, दंडाला पांढऱ्या पट्ट्या बांधून. बाबा फोटोतल्या त्या रांगेसमोर बराच वेळ उभे होते. मग विचारलं, "संप किती दिवस चालला होता?" मी म्हटलं, पंधरा-सोळा दिवसांत ही उचलाउचल झाली. "आमचा तर अजून कुणी मागेच घेतला नाही," ते म्हणाले आणि पुढच्या काचेकडे सरकले.

बाकी पटापट सांगते. गावाबाहेर हायवेला लागून लव्हेंडर पिट आहे. माझ्या लेकीला वाटलं जांभळी फुलं असतील. लव्हेंडर हे कंपनीच्या एका मॅनेजरचं आडनाव, आणि तिथे आहे तो 900 फूट खोल उघडा खड्डा. जाळीतून बघायचं, पैसे नाहीत. लोवेल नावाच्या वस्तीचा मोठा भाग त्याने गिळला. उरलेल्या एका रस्त्यावर जुन्या गाड्या नि पाट्या लावून 1950 चं दशक थांबवून ठेवलंय. कोर्टासमोर खाणकामगाराचा पुतळा आहे, काँक्रीटचा, वर तांब्याचा मुलामा, आणि लोक त्याला म्हणतात लोखंडी माणूस.

खड्यांच्या दुकानात आईला हिरवा मॅलाकाइट दाखवला. तिने तो हातात फिरवला आणि म्हणाली, "हे तर कळकलंय. कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं की असंच होतं." दुकानदाराला मी एवढंच सांगितलं की तिला रंग आवडला. पण बाई बरोबर बोलली होती, तांब्याचाच तो खेळ.

हिवाळ्यात गेलात तर अर्ध्या तासावर व्हाइटवॉटर ड्रॉ नावाचं पाणथळ आहे, तिथे हजारोंनी करकोचे उतरतात. पहाटे चरायला जातात, दुपारी परततात. आम्ही अकरा वाजता आरामात पोचलो तर नुसतं पाणी आणि आमच्यासारखेच आळशी चार लोक. थांबलो, पुऱ्या-भाजी खाल्ली. साडेबाराच्या सुमाराला आधी आवाज आला, घशात खुळखुळा वाजल्यासारखा, आणि मग आभाळात रेघांवर रेघा. आई मोजायला लागली आणि लगेच सोडून दिलं.

आता दादांसाठी कामाच्या गोष्टी. राहा, निदान एक रात्र. दिवसा येऊन दिवसा परतणाऱ्याला फक्त दुकानं दिसतात. मंगळवारी जाऊ नका, आम्ही गेलो तेव्हा निम्मं गाव बंद होतं आणि रात्रीचं जेवण हॉटेलच्या खोलीत मॅगीवर भागवलं. शाकाहारी असाल तर बुरिटोतल्या बीन्समध्ये डुकराची चरबी आहे का ते विचारा, हसत विचारलं तर हसत सांगतात. परतीच्या वाटेवर बॉर्डर पॅट्रोलची चौकी लागते. पासपोर्ट आणि आय-94 (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. आणि खाणीचं बुकिंग आधी करा. बाबांना त्याच दुपारी पुन्हा आत जायचं होतं, पण गाडी भरलेली होती.