ताबा फ्लॅटचा असतो

मागच्या डिसेंबरात मेलबर्नहून मुंबईला आले होते, तेव्हा एका शनिवारी भावाबरोबर ठाण्याच्या मॉलमध्ये गेले. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, दुपारी दोन ते पाच, त्याला त्याची लेक भेटते. ती आईबरोबर बोरिवलीला आजोळी राहते, हा डोंबिवलीला, म्हणून मधलं ठाणं. चिमी आली ती चष्मा लावून. ‘‘हा कधी लागला गं?’’ भावाने विचारलं. ‘‘दिवाळीच्या आधीच,’’ म्हणाली आणि मक्याचे दाणे खायला लागली. पुढे बराच वेळ तो गप्पच होता. पाचाला दहा कमी असताना त्याने तिच्या चष्म्याच्या काचा रुमालाने पुसून दिल्या.

आई-बाप वेगळे झाले की मुलाने दोघांकडे निम्मे-निम्मे दिवस राहावं का, यावर घरी दोन मतं. आत्या म्हणते, ‘‘तुमच्या मेलबर्नसारखं एक आठवडा इकडे, एक तिकडे? पोर आहे की एसटीचं पार्सल?’’ भावाच्या मित्रांना मात्र सरळ फिफ्टी-फिफ्टीचा कायदा हवा आहे. दोघांनाही मी इथलं उदाहरण म्हणून हवी असते, आणि दोघांचीही निराशा करते.

ऑस्ट्रेलियाने 2006मध्ये कायदा बदलला आणि पालकत्वाची जबाबदारी दोघांची समान, असं गृहीतक घातलं. जबाबदारी समान, वेळ नव्हे. पण लोकांनी ‘समान’ एवढंच वाचलं. कित्येक बाप निम्मे दिवस हा आपला हक्कच समजून बसले, कित्येक आया घाबरून नको त्या वाटण्यांना तयार झाल्या. शेवटी 6 मे 2024पासून ते गृहीतकच काढून टाकलं. आपल्याकडे आज जे मागितलं जातंय, त्यातला गैरसमज इथे अठरा वर्षं भोगून झालाय.

मग इथलं घेण्यासारखं काय? एक तर शब्द. ‘कस्टडी’ हा शब्द इथल्या कायद्यातून नव्वदच्या दशकातच गेला. आता मूल कोणाकडे ‘राहतं’ आणि कोणाबरोबर ‘वेळ घालवतं’ एवढंच लिहितात. आपण म्हणतो ताबा. बिल्डर फ्लॅटचा देतो तो ताबा, कुळाकडून जमिनीचा मिळतो तो ताबा. ज्याला मिळाला तो मालक, दुसरा भाडेकरूसुद्धा नाही. हा शब्द घेऊन कोर्टाची पायरी चढली की भांडण जिंकण्या-हरण्याचंच होणार.

दुसरं म्हणजे आधीचं बोलणं. मुलांच्या बाबतीत अर्ज करायचा तर इथे बहुतेकांना आधी मध्यस्थापुढे बसावं लागतं आणि तसा दाखला जोडावा लागतो. घरात मारहाण झाली असेल तर त्यातून सूट आहे, आणि ती हवीच. आपल्या 1984च्या कुटुंब न्यायालय कायद्यातही समेटाचा प्रयत्न सांगितला आहे, पण तो दावा दाखल झाल्यावर. आणि समेट म्हटलं की आपल्याला संसार पुन्हा जोडणंच सुचतं. तो मोडलाय हे मान्य करून, ‘बरं, आता पोरीच्या दातांच्या डॉक्टरकडे कोण नेणार?’ हे विचारायला कोणी बसत नाही. 2015मध्ये विधी आयोगाने 257व्या अहवालात मुलाचा ताबा दोघांकडे मिळून देता यावा अशी शिफारस केली होती. तेव्हापासून चर्चाच चालू आहे.

आत्याचं मात्र एका बाबतीत खरं आहे. आठवड्याची वाटणी इथे जमते ती जागेच्या जोरावर. माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलाची दोन्ही घरी खोली आहे, फुटबॉलच्या बुटांचे दोन जोड आहेत, आणि दोन्ही घरं त्याच शाळेच्या परिसरात. शुक्रवारी एक जण शाळेत सोडतो, दुसरा तिथूनच घेतो. एकमेकांचं तोंड पाहावं लागत नाही. (लायब्ररीचं पुस्तक कायम चुकीच्या घरी असतं, ते वेगळं.) डोंबिवलीच्या वन बीएचकेत आई-बाबा, भाऊ आणि हॉलमधला दिवाण. बोरिवलीच्या शाळेत तिथून रोज सकाळी पोरीला दादरला गाडी बदलून पाठवायचं? तिथे फिफ्टी-फिफ्टी मागणं म्हणजे पोरीची झोप मागणं.

पण मुंबईकडे आहे ते मेलबर्नकडे नाही: दोन्हीकडचे आजी-आजोबा. सध्या ते एकेका पक्षाचे साक्षीदार झालेत. तेच शुक्रवारी शाळेच्या गेटवर उभे राहू शकतात, शाळेला तसं पत्र दिलं की झालं. गणपती कोणाकडे, मे महिन्याची सुट्टी कशी, आजारपण कळवायचं ते किती तासांत, शाळेच्या ग्रुपवर दोघांचेही नंबर, हे सगळं कन्सेन्ट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी संमतीने कोर्टात द्यायच्या अटींमध्ये, लिहिता येतं. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. लागतो एक कागद आणि वकिलांशिवायचा एक तास.

मी भावाला तो कागद लिहायला लावला. पाचच ओळी. पहिली ओळ, ‘डोळे तपासायला नेताना मलाही कळवावे.’ वहिनीला (मी अजून वहिनीच म्हणते) व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन दिवस निळी टिक, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी तिने तोच कागद दुरुस्त करून पाठवला: शनिवारी चित्रकलेचा क्लास असतो, रविवार करा, आणि मॉल नको, घरी न्या, आजीला भेटायचं म्हणते.

वकिलांना दोघांनीही अजून सांगितलेलं नाही.