अजगराच्या ओळीतल्या 17 रेघा

माझ्या संगणकावर चार ओळी आहेत, एकीखाली एक: माणूस, उंदीर, सरडा, अजगर. सगळ्या ए, टी, जी, सी या चारच अक्षरांच्या. गर्भात हातपाय फुटताना 'सॉनिक हेजहॉग' हे जनुक चालू करणारा डीएनएचा हा तुकडा, जेमतेम 800 अक्षरांचा. ज्याला तो चालू करतो ते जनुक मात्र त्याच्यापासून जवळपास 10 लाख अक्षरं लांब! वरच्या तीन ओळी बऱ्याच जुळतात. अजगराच्या ओळीत एका जागी अक्षरांऐवजी आडव्या रेघा येतात. सतरा. 2016 मध्ये संशोधकांनी उंदराच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएमध्ये, त्याच्या तुकड्याच्या जागी अजगराचा तुकडा बसवला, तर पिल्लांचे पाय खुंटले. हरवलेली 17 अक्षरं त्यात भरून पुन्हा बसवला, तर पाय वाढले.

रोज हे बघणाऱ्या मला 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याची नुसती 'आनुवंशिकता' उरलेली पाहून फार वाईट वाटलं. 1,800 हून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. घरच्यांचं म्हणणं, मुलांवरचा भार कमी केलाय, बारावीत आहेच की. पण दहावीनंतर जीवशास्त्र सुटतं त्या मुलांनी हे कधी शिकायचं?

'तुमच्या अमेरिकेत असलं होत नसेल,' असंही ऐकते. होतं. मी राहते त्या पेनसिल्व्हेनियातच, डोव्हरच्या शाळा मंडळाने उत्क्रांतीला पर्याय म्हणून 'बुद्धिमान रचना', म्हणजे सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले हा विचार, पुढे केली होती. पालक कोर्टात गेले, तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि 2005 मध्ये न्यायाधीशांनी हे विज्ञान नव्हे असा निकाल दिला. इथलं वातावरण काही फार शहाणं आहे असं नाही. पण वाद चव्हाट्यावर आला आणि दोन्ही बाजूंना पुरावा मांडावा लागला. आपल्याकडे धडा भार कमी करण्याच्या यादीतून गेला, आणि हीच गोष्ट मला जास्त लागते.

हे जीनोम बघायला परदेशी यावं लागत नाही. ते इंटरनेटवर कुणालाही फुकट मिळतात. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर भाच्याला त्या चार ओळी दाखवल्या. तो सीबीएसईच्या दहावीत आहे. त्याने बोट ठेवून एकेक रेघ मोजली.

"मावशी, म्हणजे अजगराला आधी पाय होते?"

मी त्याला अजगराच्या शेपटीच्या बुडाशी असणाऱ्या दोन नख्यांचा फोटो पाठवला. मागच्या पायांचं बाहेरून तेवढंच उरलंय. बराच वेळ तो फोटो मोठा करकरून बघत होता.