मोटर काढून दाखव

पंक्याचा निकॉन एफ-५ एकदाचा आला. महिनाभर त्या कॅमेऱ्यापायी त्यानं आमचं डोकं खाल्लं होतं. बुधवारी संध्याकाळी लक्ष्मीभवन चौकातल्या टपरीवर तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून आणला आणि चहाचे ग्लास सरकवून बाकावर मधोमध ठेवला. सत्यनारायण मांडावा तसा.

“हात धुऊन घ्या,” म्हणाला.

बाबूकाकांनी हात धुतले नाहीत. रुमालाला बोटं पुसली, कॅमेरा उचलला, एकदा वर-खाली केला. “दीड किलो संत्री हाय बे हे. सालासकट.”

“बाराशे दहा ग्रॅम, काका. सेल सोडून.”

“सेल काहून सोडतं? सेलाशिवाय चालते का थो?”

मी काकांच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्याकडे निकॉनचाच जुना एफ-३ आहे आणि तो काकांनीच पारखून दिला. पंक्याचं कॅमेऱ्यांवर प्रेम आहे, पण ते आकड्यांतून. सेकंदाला आठ फ्रेम, शटर सेकंदाच्या आठ हजाराव्या भागापर्यंत, उजेड मोजणारं, रंग ओळखणारं १००५ पिक्सेलचं मीटर, सगळं एका दमात म्हणून दाखवतो. परवा सुध्यानं विचारलं, कालच्या रोलमध्ये काय काढलं? तर म्हणे, “टेस्टिंग.” गेल्या वर्षीही टेस्टिंगच सुरू होतं. तेव्हा कॅमेरा दुसरा होता.

“आठ फ्रेम,” काका म्हणाले. “म्हणजे छत्तीसचा रोल किती वेळात?”

“साडेचार सेकंद!” पंक्याची छाती फुगली.

“आन् रोलचा भाव काय चालू हाय सध्या?”

पंक्या चहा प्यायला लागला.

सुध्या तोवर गप्प होता. तो कॅननवाला. त्याच्या घरी वडिलांचा न्यू एफ-१ आहे, १९८१चा, आणि त्याचा स्वतःचा ईओएस-१व्ही. पण वडिलांच्या जुन्या एफडी जातीच्या लेन्सा पोराच्या कॅमेऱ्यावर बसत नाहीत, आणि काका ते काढल्याशिवाय राहत नाहीत. “बापाची लेन्स पोराले लागत नाई, असं घराणं तुमचं!”

सुध्या दर वेळी चिडतो, यावेळी मात्र मुद्द्याचं बोलला. “काका, १९८७ मधे कॅननने माउंट, म्हणजे लेन्स बसते ते तोंड, बदललं म्हणूनच तर पुढचं जमलं ना. चोपन्न मिलिमीटरचं तोंड, तुमच्या निकॉनचं चव्वेचाळीस. फोकसची मोटर लेन्समधेच बसवली, बॉडी ते लेन्स एकही दांडी नाही, सगळं विजेवर. नव्वदच्या दशकात मैदानाच्या कडेला पांढऱ्या लेन्सांची रांग काय उगीच लागली होती? तुम्ही १९५९चं तोंड जपत बसले.”

हे खरं आहे, आणि काकांनीही मान हलवली. पण निकॉनवाल्याला विचारा, १९५९च्या एफपासून २००४च्या एफ-६पर्यंत तेच तोंड राहिलं याचं सुख काय असतं. माझ्या एफ-३वर जी ५० ची लेन्स आहे, तीच पंक्याच्या एफ-५वर खट्‌कन बसली. आम्ही बसवून पाहिली.

“मीटर दाखव,” मी म्हणालो.

पंक्यानं डोळा लावला. “सेंटर वेटेड येऊन राह्यलं. मॅट्रिक्स नाही.” म्हणजे मीटर मधल्या भागाचाच उजेड जास्त धरत होतं; मॅट्रिक्स अख्खी चौकट तुकड्या-तुकड्यानं मोजतं.

“एफ-४वर आलं असतं.”

एफ-४ला कुणी विचारत नाही, मला त्याचं वाईट वाटतं. १९८८ला आला. ऑटोफोकस होताच, वर अंगावर जुन्यासारख्या फिरवायच्या चकत्या. एका नजरेत कळायचं शटर कितीवर आहे. जुन्या हातफोकसच्या एआय लेन्सांवरही त्याचं मॅट्रिक्स मीटर चालायचं. १९९६च्या एफ-५मध्ये ते गेलं, चकत्या गेल्या, बटणं आली. नव्या पिढीत काय आलं ते सगळे सांगतात. काय गेलं ते जुनी लेन्स लावल्यावर कळतं.

पंक्या मात्र हार मानणाऱ्यातला नाही. “काका, तुम्ही वजनाचं बोलता. तुमच्या एफ-३ले खालून ती फिल्म ओढणारी एमडी-४ मोटर लावली का तिलेही आठच सेल लागतात. वजन तेवढंच. मग?”

टपरीवर क्षणभर शांतता. मलाही वाटलं, अडकले काका.

काकांनी पिशवीतून आपला एफ-३ काढला. कोपऱ्यांवरचा काळा रंग उडून पितळ दिसतंय, पकडीजवळची इटालियन डिझायनर जुजारोची लाल रेघ मात्र अजून शाबूत. खाली मोटर लावलेली होती. त्यांनी बुडाचा स्क्रू फिरवला, मोटर वेगळी करून बाकावर ठेवली आणि उरलेला सातशे ग्रॅमच्या आसपासचा कॅमेरा पंक्याच्या हातात दिला.

“हे घे. आता तुझी काढून दाखव.” एफ-५ची मोटर अंगातच, ती निघतच नाही.

सुध्यानं टाळी दिली. टपरीवाल्या भाऊनं सुद्धा.

मला एफ-३चं जे मोल वाटतं ते हेच. १९८०ला आला तेव्हा जुन्या लोकांनी नाकं मुरडली होती, कारण १९७१चा एफ-२ बॅटरी नसतानाही प्रत्येक स्पीडवर चालायचा. त्याची बॅटरी फक्त मीटरपुरती. एफ-३चं शटर विजेवर गेलं. तरी बॅटरी संपली तर लेन्सशेजारची एक बारकी दांडी दाबायची, आणि सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास तो एक स्पीड मिळतोच. माणसाला विसरून त्यांनी वीज आणली नाही. म्हणूनच एफ-४ येऊन गेला, एफ-५ आला, तरी एफ-३ २००१पर्यंत बनतच होता.

“एकदा मे महिन्यात,” काका सांगू लागले, “कॅमेरा स्कूटरच्या डिकीत राहून गेला. डोळा लावला तं आतला शटरचा आकडा दिसेच ना, पूर्ण काळाठिक्कर. म्हटलं, गेला. झाडाखाली बसलो, गार झाला, आकडा वापस. नागपूरचं ऊन त्यालेही लागते, पण मरत नाई.”

“पण क्रिकेट, काका?” पंक्या. “ऑटोफोकसशिवाय क्रिकेट कसं काढायचे?”

हा प्रश्न त्यानं विचारायला नको होता. काकांनी ग्लास खाली ठेवला.

“३१ ऑक्टोबर १९८७. सिव्हिल लाइन्सचं ग्राउंड. न्यूझीलंड. चेतन शर्मा. मी एफ-३ घेऊन बाउंड्रीवर. स्टंपावर फोकस बांधून ठेवला आन् रिंगवरचा हात काढून घेतला. रदरफोर्ड बोल्ड. स्मिथ बोल्ड. चॅटफिल्ड बोल्ड. वर्ल्डकपमधली पयली हॅटट्रिक, तिन्ही बोल्ड! सांग, फोकस हलवाचा कायले?”

ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल. दर वेळी काका दोन्ही हात डोळ्यांपाशी नेतात, डावा तळवा लेन्सखाली धरल्यासारखा उघडा, आणि तो हात जराही हलत नाही.

“स्लिपमधे कॅच गेला असता तर?” सुध्या.

“तं चुकला असता. चुकले ना मायं. लय चुकले.”

आणि मग पंक्याला सुचलं. खरंच चांगलं सुचलं. “त्याच मॅचमध्ये गावसकरची सेंच्युरी झाली ना? वन-डेतली एकुलती एक? तिचा फोटो दाखवा की.”

काका गप्प.

“काका?”

“रोल बदलून राह्यलो होतो बे.”

सुध्याच्या नाकातून चहा आला. पंक्या बाकावरून उठून नाचला. आठ फ्रेमवाल्याला हिणवणारा माणूस ऐन सेंच्युरीला रोल बदलत होता! काका स्वतःही इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि भाऊनं पाणी आणून दिलं.

“हसू नको सुध्या,” ठसका ओसरल्यावर काका म्हणाले, “तुह्या लग्नाचं सांगू का?”

सुध्याच्या लग्नात मी फोटो काढले होते. फिल्म आत अडकलीच नव्हती, आणि रोल फिरतोय की नाही हे मी पाहिलं नाही. फिल्म पुढे सरकवायला ताण देताना डाव्या हाताचा रिवाइंड नॉब फिरायला हवा. तो जागचा हलला नाही आणि मी सप्तपदीभर कोरं शटर मारत राहिलो. पंक्याचा एफ-५ रोल आपोआप ओढून घेतो, नाही ओढला तर सांगतो. एवढ्या एका गोष्टीत मी पंक्याला बिनशर्त मान देतो. वहिनी अजूनही म्हणतात, सात पावलांचा पुरावा नाही, तेव्हा मी मोकळीच आहे.

“चला, एक फोटो काढू,” पंक्या म्हणाला, पण एफ-५ कडे त्याचा हात गेला नाही. काकांचा एफ-३ अजून त्याच्या मांडीवरच होता. त्यानं ताण दिला.

“नॉब फिरला का, पाह्य.”

“फिरला.”

तो रिंग फिरवत राहिला. पुढे, मागे, परत पुढे. आम्ही दात काढून बसलेलो, ग्लासातला चहा थंड.

“मार ना बे,” सुध्या ओरडला, “दुसरं लग्न लागून जाईन माहं!”

“थांब ना. नाकावर घेऊ का डोळ्यावर?”

“काकांच्या डोळ्यावर घे,” मी म्हणालो. “हलत नाहीत ते.”