चायनाचा चाकू: त्या मेसेजमधलं खरं किती?

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. मूळ कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही, दर वर्षी त्यातली उद्गारचिन्हं तेवढी वाढतात. मजकूर थोडक्यात असा: स्वस्त विदेशी घडीचे चाकू, म्हणजे मुख्यतः चिनी, अजिबात घेऊ नका. पोलाद भंगारातलं असतं, धार चार दिवसांत जाते. उघडं पातं धरून ठेवणारं लॉक सुटतं आणि बोटं कापली जातात. सगळी डिझाइनं चोरीची. त्यापेक्षा पैसे साठवून एकच स्विस किंवा अमेरिकन चाकू घ्या, जन्मभर पुरेल. आणि शेवटी ठळक अक्षरांत: पातं सहा इंचांच्या आत असेल तर पोलीससुद्धा काही करू शकत नाहीत.

यातला चोरीचा मुद्दा बऱ्यापैकी खरा आहे, पोलादाचा आणि लॉकचा अर्धवट, आणि शेवटचं वाक्य एखाद्याला चौकीत बसवेल असं.

भंगारातलं पोलाद

नाव असलेल्या चिनी कंपन्यांच्या स्वस्त चाकूंत वर्षानुवर्षं वापरलं जाणारं पोलाद म्हणजे ८सीआर१३एमओव्ही. त्यात कार्बन साधारण ०.८ टक्के आणि क्रोमियम १३ टक्के. कार्बनमुळे पातं कडक होतं, क्रोमियममुळे गंज लांब राहतो. नीट पाणी दिलेलं असेल, म्हणजे तापवून बेताने थंड केलेलं असेल, तर या पात्याचा कडकपणा रॉकवेल मापात ५७ ते ५९ भरतो. आता मेसेजने डोक्यावर घेतलेला तो लाल स्विस चाकू बघा. त्याच्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि कडकपणा ५६ च्या आगेमागे. म्हणजे ज्याला भंगार म्हटलं तेच पातं जास्त कडक, आणि धारही बहुधा तेच थोडी जास्त टिकवणार.

यात स्विस चाकूची निंदा नाही. त्यांनी पातं जाणूनबुजून मऊ ठेवलंय. मऊ पात्याची धार दुमडते, पण तिचे टवके उडत नाहीत, आणि साध्या दगडावर दहा मिनिटांत ती परत येते. सैनिकाच्या खिशातल्या चाकूला हेच हवं होतं. पण मग धार लवकर जाते म्हणून दुसऱ्याला भंगार म्हणायचं नाही.

खरा फरक पडतो तो पाणी देण्यात. एकाच पोलादाच्या दोन पट्ट्या दोन कारखान्यांत गेल्या, तर एक वर्षभर कामाला येईल आणि दुसरी आठवड्यात बोथट होईल. भट्टीचं तापमान, थंड करण्याचा वेग, नंतरचा मंद शेक, यांपैकी काहीही पात्यावर छापलेलं नसतं. ते कळायचा एकच मार्ग, बनवणाऱ्याचं नाव. ग्वांगडाँग प्रांतातल्या यांगजिआंग या शहरात चीनमधल्या चाकू-कात्र्यांचा फार मोठा वाटा तयार होतो. तिथे सिव्हिवीसारखे ब्रँडही बनतात आणि ज्यावर कुठलंच नाव नाही असला मालही. दोघांना ‘चायनाचा’ या एकाच शब्दात गुंडाळलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं.

मेसेज लिहिणाऱ्याच्या हाती बहुतेक तो दुसरा माल लागला असणार. स्टेशनबाहेर पथारीवर किंवा ऑनलाइन फ्लॅश सेलमध्ये मिळणारा. त्याची ओळख सोपी आहे. पात्यावर ‘सर्जिकल स्टेनलेस’ लिहिलेलं असतं, ज्याचा चाकूच्या संदर्भात काहीही अर्थ होत नाही. किंवा नुसतं ‘४४०’, म्हणजे पोलादाच्या एका गटाचा क्रमांक. पुढे ए, बी की सी ते नाही, आणि ४४०ए व ४४०सी यांच्या कार्बनमध्ये चांगलाच फरक असतो. किंवा मग ठसठशीत ‘यूएसए’ कोरलेलं असतं आणि खोक्यावर कारखान्याचा पत्ता नसतो. या मालाबद्दल मेसेजचा शब्द न् शब्द खरा आहे. फुकट दिला तरी घेऊ नका.

ज्याबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही ती गोष्ट आपल्याकडे जास्त महत्त्वाची: गंज. गेली काही वर्षं स्वस्त चिनी चाकूंत डी२ पोलादाची लाट आहे. मुळात हे साच्यांसाठी वापरायचं हत्यारी पोलाद. कार्बन दीड टक्का, धार जबरदस्त टिकते, म्हणून परदेशातले परीक्षक त्याच्यावर फिदा. क्रोमियम त्यातही १२ टक्क्यांच्या आसपास असतं, पण बरंचसं कार्बनशी बांधलं जातं आणि गंज अडवायला मोकळं कमी उरतं. कोरड्या हवेत चालून जातं. जुलैत भीमाशंकरच्या जंगलात लिंबू कापून पातं तसंच मिटलं, की सकाळी त्यावर तांबूस ठिपके दिसणार. शिवाय गावठी दगडावर त्याला धार लावायची म्हणजे घाम निघतो. सह्याद्रीसाठी घेणाऱ्याने त्याच पैशांत १४सी२८एन या सहज न गंजणाऱ्या पोलादाचं पातं शोधावं. हे मूळचं स्वीडिश पोलाद आहे आणि आता कितीतरी चिनी कंपन्या वापरतात. मग त्या चाकूला चिनी म्हणायचं की स्वीडिश, ते मेसेजवाल्यांनी ठरवावं.

लॉक सुटून बोटं कापतात

मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणाऱ्या त्या प्रसिद्ध स्विस चाकूला लॉकच नसतं. पाठीमागची स्प्रिंग पातं उघडं धरते इतकंच, उलट्या बाजूने जोर दिला की ते मिटतं. सव्वाशे वर्षं लोक तो वापरताहेत आणि बहुतेकांची दहाही बोटं शाबूत आहेत, कारण चाकू कापायला वापरला तर जोर धारेच्या बाजूने येतो आणि पातं उघडंच राहतं. अपघात होतात ते टोक खुपसताना. नारळाचा डोळा फोडायचा, डबा उघडायचा, पात्याच्या पाठीवर दगड मारून लाकूड चिरायचं. ही कामं कुठल्याच घडीच्या चाकूची नाहीत.

स्वस्त चिनी चाकूंत बहुधा लायनर लॉक असतं. मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकात सुधारून रूढ केलेलं. मुठीच्या आत पोलादाची पातळ पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती बाजूला उसळून पात्याच्या बुडाखाली टेकते. चाकू हातात आला की उजेडाकडे धरून मागून आत बघा. पट्टी बुडाच्या कडेला जेमतेम टेकत असेल तर परत पाठवा. पार पलीकडच्या भिंतीला भिडली असेल तरी परत पाठवा, झिजेसाठी जागाच उरलेली नाही. एक तृतीयांश ते निम्मी आत आलेली असावी. मग पात्याच्या वाटेतून बोटं बाजूला ठेवून त्याची पाठ लाकडी फळीवर टेकवा आणि बेताने दाब द्या. पट्टी सरकली, टकटक आवाज आला किंवा पातं डावी-उजवीकडे हललं तर नको. स्क्रू आवळूनही पातं हलत असेल तर मग खरंच नको. ही तपासणी चारशे डॉलरच्या चाकूचीही करावी. लॉकच्या बाबतीत स्वस्त मालात नग-नगात फरक पडतो हे मान्य, पण म्हणूनच परत घेणाऱ्या दुकानातून घ्यायचा.

चोरलेली डिझाइनं

हा तो बऱ्यापैकी खरा मुद्दा. गँझो या चिनी कंपनीचे काही जुने चाकू स्पायडर्को आणि बेंचमेड या अमेरिकन कंपन्यांच्या मॉडेलांच्या इतके जवळ जातात की लांबून फरक कळू नये. सॅनरेनमू या दुसऱ्या चिनी कंपनीचा ७१० हा दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह या कारागिराच्या सेबेन्झा चाकूची छोटी आवृत्ती वाटतो. ज्याला हे खटकतं त्याने हे घेऊ नयेत, माझी काही हरकत नाही. पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बेंचमेडच्या ॲक्सिस लॉक या पातं अडवण्याच्या रचनेच्या पेटंटची मुदत गेल्या दशकात संपली, आता ती रचना वापरणं ही चोरी नाही. आणि दुसऱ्याचं नाव व चिन्ह ठोकून विकणं ही सरळ फसवणूक, तिला माफी नाही.

बाकी या तक्रारीला फार जुना इतिहास आहे, आणि चाकूंचाच. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफिल्डचे चाकूवाले हेच ओरडत होते. त्यांच्या नजरेत ‘चायना’ होतं जर्मनीतलं झोलिंगेन. स्वस्त माल, नक्कल केलेला घाट, आणि वर शेफिल्डचा खोटा ठसा. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात जर्मनीच्याच फ्रान्झ रॉयलो या अभियंत्याने आपल्या देशाचा माल स्वस्त आणि वाईट असल्याचं लिहून खळबळ उडवली होती. ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला आणि परदेशी मालाने इंग्रजी असल्याचा आव आणू नये अशी तजवीज केली. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का त्यातून आला, गिऱ्हाइकाला सावध करायला. पुढे तोच शिक्का बघून लोक चाकू घ्यायला लागले, आणि १९३८ मध्ये झोलिंगेनवाल्यांना आपल्याच नावाला कायद्याचं संरक्षण घ्यावं लागलं, कारण आता त्यांचं नाव दुसरे चोरत होते.

याहून मजेदार म्हणजे स्विस सैन्यासाठी ठरवलेला १८९० चा पहिला चाकू. तेवढ्या संख्येने तो बनवण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये नव्हती, म्हणून पहिली मागणी झोलिंगेनलाच गेली. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सनर (यांचीच कंपनी पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाली) यांचा माल त्यानंतर, १८९१ पासून.

एकच घ्या, स्विस किंवा अमेरिकन

अमेरिकन म्हणजे कुठला? स्पायडर्कोचा टेनेशियस घेतलात तर पात्यावर कंपनीनेच प्रामाणिकपणे ‘चायना’ लिहिलंय. कर्शॉ, गर्बर, सीआरकेटी या अमेरिकन कंपन्यांचेही खिशाला परवडणारे कितीतरी चाकू चीनमध्ये बनतात. खुद्द अमेरिकेत बनलेल्या चांगल्या घडीच्या चाकूची किंमत बहुधा शंभर डॉलरच्या वर सुरू होते, त्यावर आपली आयात आणि दुकानदाराचा नफा. सेबेन्झा चारशेच्या वर. तो घेऊन राजगडावर कोण काकडी कापतं? हरवेल या धास्तीने तो घरी कपाटात राहतो आणि ट्रेकला दुसऱ्याचा चाकू मागितला जातो.

मेसेजमध्ये फ्रान्सचं नावच नाही. ओपिनेल हा चाकू तिथल्या साव्वा प्रांतात १८९० पासून बनतो आणि त्याचा ८ नंबर तिकडे मध्यम चिनी चाकूपेक्षा स्वस्त मिळतो. बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, आणि १९५५ पासून पातं अडवणारी फिरती कडी. कापण्यात तो बहुतेक जाड पात्याच्या ‘टॅक्टिकल’ चाकूंना लाजवेल. कांदा आणि चीज यांसाठी मला तो सगळ्यांत आवडतो. दोष? आपल्या पावसात मूठ फुगते आणि पातं आतच अडकून बसतं. तिकडचे शेतकरी मुठीचं बूड कडक जागेवर आपटून पात्याचं टोक बाहेर काढतात, ती युक्ती चालते. घ्यायचा तर ‘इनॉक्स’ लिहिलेला, म्हणजे स्टेनलेस. कार्बनचं पातं आवळा-लिंबाने काळं पडतं.

आणि ‘जन्मभर पुरेल’ हे चाकूपेक्षा मालकावर आहे. घडीच्या चाकूच्या बिजागरीत टोमॅटोचं पाणी आणि गूळ जाऊन बसतो. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करा, बिजागरीत तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चांगलं, खाण्याच्या वस्तूला लागलं तरी चिंता नाही. महागड्या चाकूसाठी साठवलेल्या पैशांतून एक बरा दोन बाजूंचा दगड घ्या.

पाच-सहा जणांचं पिठलं-भात गडावर शिजवायचं असेल तर मात्र हा सगळा वाद सोडा. स्वयंपाकघरातली साधी सुरी पुठ्ठ्याच्या म्यानात घालून न्या, कुठल्याही घडीच्या चाकूपेक्षा कांदा तिनेच बरा चिरला जातो.

सहा इंचांचा कायदा

असा नियम मला शस्त्र कायद्यात सापडत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये जी मर्यादा आहे ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची, आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली. तीन-साडेतीन इंचांचा खिशातला चाकू यात बसत नाही. इथवर मेसेजवाला खूश होईल.

पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७ आहे. त्याखाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक मुदतीसाठी मनाई आदेश काढू शकतात, आणि त्या कलमात तलवारी, भाले, बंदुका, लाठ्या यांच्या रांगेत चाकूही आहे, इंचांचा उल्लेख न करता. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आसपास मुंबई-पुण्यात आणि जिल्ह्याजिल्ह्यांत असे आदेश निघतच असतात. अशा वेळी पँटच्या खिशाला क्लिप लावून लोकलमध्ये चढलात तर ‘सहा इंचांच्या आत आहे साहेब’ हे उत्तर उपयोगाचं नाही. हिमालयात जाताना दिल्लीहून जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: तिथे बटणाने किंवा तसल्या यांत्रिक कळीने उघडणाऱ्या चाकूंसाठी १९८० पासून वेगळी अधिसूचना आहे आणि तिची मापं ७.६२ सेंटिमीटर लांबी, १.७२ सेंटिमीटर रुंदी इतकी लहान आहेत. बटण दाबून फटकन उघडणारा चाकू म्हणूनच घेऊ नका, कुठल्याही देशाचा.

चाकू सॅकमध्ये, स्टोव्ह आणि भांड्यांच्या पिशवीत ठेवा. विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इनच्या सामानात.