वाकडी रिंग

कायम हरणाऱ्या संघाचा पाठीराखा होणं परवडतं. माणूस एकदा मन घट्ट करतो आणि आपल्या कामाला लागतो. आमच्या तालुक्याच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ तेवढंही सुख देत नाही. शहरात जाऊन तो असा काही सपाटून मार खातो की आता मैदानाकडे पाठ करूनच बसायचं, असं मी ठरवतो. आणि पुढच्याच शनिवारी तीच पोट्टी घरच्या मैदानावर चांगल्या नावाजलेल्या संघाला लोळवतात. मग पुन्हा आशा, पुन्हा टाळ्या, पुन्हा दुकानाची खोटी. मुलींचा संघ मात्र सरळ जिंकत असतो, त्यामुळे त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझं कृषी केंद्र कॉलेजच्या मैदानासमोरच आहे. गल्ल्यावर बसलं की युरियाच्या थप्पीवरून थेट रिंग दिसते. गिऱ्हाईक बिचारं बोंडअळीचं औषध मागत असतं आणि मी म्हणतो, "थांब ना भाऊ, फ्री थ्रो हाय." अळी काही पळून जात नाही.

या चढउतारांचं मूळ मला बरेच दिवस कळत नव्हतं. ते रिंगमध्ये आहे. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फूट, म्हणजे 3.05 मीटर उंच आणि सपाट असावी, असा जगभरचा नियम. आमची उंचीला बरोबर आहे. पण येणारं-जाणारं प्रत्येक पोट्टं बोर्डाच्या खांबावर चढून तिला लटकतं, त्यामुळे ती थोडी पुढे आणि बरीचशी डावीकडे झुकली आहे. आमचे खेळाडू हिच्यावरच शिकले. ते उजव्या अंगाला नेम धरतात आणि बॉल कडेवर आपटून, लाजत लाजत आत शिरतो. पाहुणे सरळ मनाचे. ते मधोमध नेम धरतात आणि टण्णकन बॉल बाहेर. अर्ध्या खेळापर्यंत त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडालेला असतो.

त्यात जाळी नाही. ती कुठल्याशा पावसाळ्यात गेली आणि नवी आणायचा ठराव अजून फायलीत आहे. जाळी नसली की बॉल रिंगमधून गेला की बाजूने, हे खेळाडूंना सांगता येत नाही, पंचांना सांगता येत नाही. प्रेक्षकांना येतं. आम्ही सगळे एका सुरात ओरडतो, आणि पंच झाला तरी शेवटी त्याला संध्याकाळच्या एसटीने परत जायचं असतं.

शहरातली रिंग सरळ असते. घोडं तिथेच पेंड खातं.

अमरावतीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी पोरांबरोबर मीही गेलो होतो. त्या गावची हवाच खेळाची. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून तिथे लोकांना घाम गाळायला शिकवतंय. आमच्या पोरांनी पहिल्या मिनिटापासून उजवीकडे नेम धरला आणि सगळे बॉल उजवीकडेच गेले. त्यात आमचा एक गडी मूळचा कबड्डीचा. उंची पाहून फिजिकलच्या सरांनी त्याला ओढून आणलेला. समोरचा बॉल घेऊन अंगावर आला की हा पहिले त्याची मांडी धरायचा. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर, हे त्याला सांगितलेलं होतं. दुसऱ्या क्वार्टरच्या आतच त्याचे पाचही झाले. बाहेर येऊन मलाच म्हणतो, "काका, धरला तर होता बराबर, मंग शिट्टी काहून वाजवली?"

चोवीस सेकंदांचा नियम तर आमच्या स्वभावालाच मानवत नाही. बॉल हातात आल्यापासून चोवीस सेकंदांत नेम मारावा लागतो. आमची पोरं संस्कारी. "मार ना बे तू." "नाई ना बे, तू मार." एवढ्यात भोंगा वाजायचा.

हरल्यावर सगळ्यांनी गिलावडे खाल्ले. त्या आघाडीवर मात्र आमचा एकही गडी मागे राहिला नाही.

यंदा घरच्या मैदानावरही घोटाळा झाला, तो सोयाबीनमुळे. ऐन स्पर्धेच्या दिवसांत सोयाबीन सोंगणीला येतं. आमचा सेंटर खेळणारा लंबू तेव्हा दिसेनासा होतो आणि शेवटी कुठल्याशा धुऱ्यावर थ्रेशरच्या तोंडाशी सापडतो, भुवयांपर्यंत भुसा. बरं, खेळाडू गेला तर गेला, मैदानही जातं. बास्केटबॉलचं मैदान 28 मीटर लांब, 15 मीटर रुंद. एवढा मोठा सिमेंटचा ओटा, बाजार समिती सोडली तर, आमच्याकडे दुसरा नाही. आणि दाण्यात बारा टक्क्यांच्या वर ओलावा असला की हमीभावाच्या केंद्रावरून माल परत येतो. तेव्हा सामन्याच्या सकाळी पाहावं, तर अर्ध्या मैदानावर सोयाबीन पसरलेलं आणि एक म्हातारी पायाने त्याच्या सऱ्या ओढते आहे. सरांनी हात जोडले. म्हातारी म्हणाली, "तुमचा चेंडू उद्या खेळला तं सडते काय?" याला उत्तर नव्हतं. दुपारी माल भरून नेला, पण राहिलेल्या दाण्यांवरून आमचा सगळ्यात वेगवान पोट्टा जो घसरला, तो बॉलसकट स्कोअरच्या टेबलाखाली गेला.

त्या रात्री मी मोबाइलवर समदुःखी शोधले. जेम्स नाइस्मिथ नावाच्या मास्तराने 1891 मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला, पीचच्या टोपल्या टांगून. टोपलीला बूड होतं, म्हणून बॉल आत गेला की कोणीतरी वर चढून काढायचा. (म्हणजे गेला की नाही, हा वाद तरी नव्हता.) हाच मास्तर पुढे कॅन्सस विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला. जिंकले 55, हरले 60. खेळ ज्याने जन्माला घातला त्याची ही गत! त्याहून भारी कॅलटेक. अमेरिकेतली नोबेलवाल्यांची विज्ञानसंस्था, आणि तिचा संघ तिथल्या कॉलेज-स्पर्धांच्या तिसऱ्या गटातल्या कॉलेजांशी सलग 207 सामने हरला. 2007 साली एकदाचा जिंकला.

सकाळी मी हे सगळं सरांना ऐकवलं. सर म्हणाले, "त्यांच्याकडे नोबेल तरी आहेत, आपल्याकडे काय हाय?" बायकोला ऐकवलं तर ती म्हणाली, "दोनशे सात? अन् तिथंबी कोनी तुमच्यासारखं दुकान सोडून पाहत होतं काय?"

आता माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून नवी रिंग बसवायचं ठरवलंय. सरळ, जाळीसकट. मी सभेत विरोध केला. म्हटलं, पहिले एक वर्ष पोरांना नेम बदलू द्या, मग लोखंड बदला. नाहीतर बाहेर हरतो तसे घरीही हरू. कोणी ऐकलं नाही. वर माझ्याकडूनच पाचशे एक रुपये घेतले.

तेव्हा मी खेळाडूंचंच पाहायचं ठरवलं. पेरणीच्या तोंडावर एक कास्तकार बियाण्याची बॅग न्यायला आला. सोबतचा पोरगा दारातून वाकून आत शिरला. मी बॅग बाजूला ठेवली.

"बारावी झाली काय रे?"

"झाली ना काका."

"मंग ॲडमिशन इथंच घे. बास्केटबॉल खेळशील?"

पोराने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "खेळीन ना भाऊ, काहून नाई खेळीन. पन सोयाबीन निघाल्यावर."

मी बिलात पन्नास रुपये कमी केले.